उंची फक्त ९६७ मीटर, तरीही दोन दिवसांची वाट: स्कॉटलंडच्या सर्वात दुर्गम डोंगरावर जाण्याचं नियोजन कसं करतात?

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. ब्रिटनमधला सर्वात उंच डोंगर बेन नेव्हिस, त्याची उंची १३४५ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्या ट्रेकरने कळसूबाई केलंय, तो उंचीच्या हिशेबात अख्ख्या ब्रिटनच्या वर जाऊन आलेला असतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ग्लासगो, एडिनबराला गेलेल्या मराठी मुलामुलींना स्कॉटिश हायलँड्सचे डोंगर म्हणूनच सुरुवातीला 'छोटे' वाटतात.

हा गैरसमज दूर करायला 'अ व्हेचन' पुरेसा आहे. हा शब्द गेलिक भाषेतला. लिहितात एक आणि वाचतात भलतंच, अशी ती भाषा, त्यामुळे हा उच्चारही जवळपासचाच समजायचा. अर्थ आहे 'कुमारिका'. उंची जेमतेम ९६७ मीटर. पण स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या डोंगरांमध्ये हा सर्वात दुर्गम मानला जातो. जवळच्या डांबरी रस्त्यापासून माथ्यापर्यंत जाऊन परत यायचं तर साधारण ४० किलोमीटरची पायपीट होते. वाटेत गाव नाही, दुकान नाही, चहाची टपरी तर नाहीच. फोनला रेंजही बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

इथे चढाईपेक्षा नियोजन अवघड आहे, असं म्हटलं तर ते अतिशयोक्त होणार नाही.

मुळात या डोंगरावर जायचंच कशाला?

त्यासाठी 'मुनरो' ही भानगड समजून घ्यावी लागते. सर ह्यू मुनरो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांपेक्षा (म्हणजे ९१४.४ मीटरपेक्षा) उंच डोंगरांची यादी प्रसिद्ध केली. तोपर्यंत असे डोंगर थोडेच असतील, असा समज होता. मुनरोंच्या यादीने तो खोटा ठरवला. आज या यादीत २८२ डोंगर आहेत आणि ते सगळे सर करणं हा तिथल्या गिर्यारोहकांचा राष्ट्रीय छंद आहे. आपल्याकडे 'माझे दोनशे किल्ले झाले' असं सांगणारे भेटतात ना, तसंच. गंमत म्हणजे मुनरो स्वतः १९१९ मध्ये वारले, तेव्हा त्यांचीच यादी त्यांची पूर्ण झालेली नव्हती.

यादी म्हटली की सीमारेषेवरचे वाद आलेच. अ व्हेचनच्या शेजारीच 'बेन अ ख्लेव' म्हणजे तलवारीचा डोंगर आहे. २०१२ मध्ये आधुनिक उपकरणांनी त्याची नव्याने मोजणी झाली. उंची भरली ९१३.९६ मीटर. ४४ सेंटीमीटर कमी पडले आणि डोंगर मुनरोच्या यादीतून बाहेर गेला. तोवर 'फिशरफील्डचे सहा' म्हणून ओळखली जाणारी सलग डोंगरांची भटकंती कागदोपत्री पाचावर आली. अनेकजण आजही सहाही करतात, कारण तो डोंगर काही जागचा हललेला नाही.

अ व्हेचन या यादीत शेवटच्या टप्प्यात उरणाऱ्या डोंगरांपैकी एक. त्याच्या लांबपणामुळे लोक तो मागे ढकलत राहतात.

नकाशावर तो नेमका कुठे आहे?

स्कॉटलंडच्या वायव्य टोकाकडे, फिशरफील्ड आणि लेटर्यू या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या भागात. अक्षांश साधारण ५७.७ उत्तर, म्हणजे मॉस्कोच्याही वर. समुद्र जवळ असल्यामुळे मॉस्कोसारखी थंडी पडत नाही. पण त्याच समुद्रावरून येणारे ढग आधी इथेच रिकामे होतात.

या भागाला 'ग्रेट विल्डरनेस' म्हणतात. नकाशावर इथे 'डियर फॉरेस्ट' असंही लिहिलेलं दिसतं, आणि प्रत्यक्षात मैलोन्‌मैल झाड नसतं. इथे 'फॉरेस्ट' म्हणजे हरणांच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख. गवत, पाणथळ जमीन, खडक आणि तळी. हे ओसाडपण पूर्णपणे निसर्गाचं देणं आहे असंही नाही. हायलँड्समधल्या अनेक खोऱ्यांमध्ये एकेकाळी वस्ती होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना हुसकावलं आणि नंतर बऱ्याच जमिनी शिकारीसाठी राखल्या गेल्या. शिकाऱ्यांना वर नेण्यासाठी आणि मारलेलं हरीण घोड्यावरून खाली आणण्यासाठी तेव्हा ज्या पायवाटा बांधल्या, त्यांवरूनच आजचे ट्रेकर चालतात. इतक्या निर्मनुष्य भागात मध्येच सुबक वळणांची पायवाट का सापडते, याचं उत्तर तिथे आहे.

खासगी जमिनीवर जायची परवानगी लागते का?

नाही. स्कॉटलंडचा हा कायदा आपल्याकडच्या ट्रेकरला हेवा वाटावा असा आहे. 'लँड रिफॉर्म (स्कॉटलंड) ॲक्ट २००३' नुसार जमीन खासगी असली तरी तिच्यावरून चालायचा, सायकल चालवायचा आणि तंबू टाकून राहायचाही हक्क प्रत्येकाला आहे. अट एवढीच की तो जबाबदारीने वापरायचा. तंबू छोटा, माणसं मोजकी, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नाही, घरं आणि रस्त्यांपासून लांब, आणि जाताना मागे काहीही ठेवायचं नाही.

या कायद्याच्या वाटेवरचा एक टप्पा याच डोंगराच्या पायथ्याशी घडला. लेटर्यू इस्टेटचे तेव्हाचे मालक, डच उद्योजक पॉल व्हॅन व्ह्लिसिंगेन आणि गिर्यारोहकांच्या संघटना यांच्यात आधी प्रवेशावरून वाद होता. १९९३ मध्ये दोघांनी बसून 'लेटर्यू करार' केला आणि लोकांच्या फिरण्याला मान्यता मिळाली. दहा वर्षांनी आलेल्या कायद्याच्या आधी अशा करारांनी वातावरण तयार केलं होतं.

हक्क आहे म्हणजे कधीही जावं असं मात्र नाही. ऑगस्टपासून २० ऑक्टोबरपर्यंत नर हरणांच्या शिकारीचा मुख्य काळ असतो. त्या दिवसांत कोणत्या बाजूला शिकार चालू आहे याची माहिती इस्टेटकडे विचारून किंवा त्यासाठीच्या ऑनलाइन सेवेवर पाहून मग वाट ठरवायची, असा संकेत आहे. रविवारी सहसा शिकार होत नाही.

मग जायचं कधी?

वायव्य स्कॉटलंडमध्ये एप्रिल ते जून हे महिने तुलनेने कोरडे असतात. 'तुलनेने' या शब्दावर जोर द्यायला हवा. सह्याद्रीत पाऊस चार महिन्यांचा पाहुणा असतो, नोव्हेंबरात ट्रेकला निघालं तर छत्री घरी ठेवता येते. इथे वर्षाच्या कोणत्याही दिवशी पाऊस येऊ शकतो, हे गृहीत धरूनच सॅक भरतात.

दुसरा मुद्दा उजेडाचा. जूनमध्ये इथे जवळपास १८ तास उजेड असतो. रात्री दहालाही टॉर्च न लावता चालता येतं. सप्टेंबरअखेर हेच तास बाराच्या आसपास येतात आणि डिसेंबरात साडेसहापर्यंत घसरतात. ४० किलोमीटरच्या वाटेसाठी हा फरक फार मोठा आहे. हिवाळ्यात बर्फाची कुऱ्हाड, क्रॅम्पॉन्स आणि ते वापरण्याचं प्रशिक्षण लागतं, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या काळाचा विचारही करू नये.

मग जून-जुलै सर्वात चांगले? तिथे आडवे येतात 'मिजेस'. चिलटांपेक्षाही बारीक, चावणारे कीटक. मेअखेर ते सप्टेंबर त्यांचं राज्य असतं. वारा पडला, ढगाळ झालं आणि संध्याकाळ झाली की ते हजारोंच्या संख्येने येतात. वारा थोडा जरी असला तरी त्यांना उडता येत नाही, म्हणून तंबू आडोशाला न टाकता वाऱ्यावर टाकायचा, असा उफराटा सल्ला इथे मिळतो. डोक्यावरून घ्यायची जाळी स्वतःजवळ असावीच. गवतात गोचिडही असतात आणि त्यांच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो. त्यामुळे रोज रात्री पाय, काखा, कंबर तपासायची सवय लावून घ्यावी लागते.

हे सगळं जुळवलं तर मे महिन्याचे पहिले तीन आठवडे सर्वात सोयीचे ठरतात. उजेड भरपूर, कीटक कमी, शिकारीचा हंगाम लांब.

किती वेळ लागेल, हे कसं ठरवायचं?

इथे एक सव्वाशे वर्षांहून जुनं सूत्र अजून वापरतात. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी ते १८९२ मध्ये मांडलं. सोप्या रूपात सांगायचं तर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर १०० मीटरला वरची १० मिनिटं.

अ व्हेचनसाठी हे गणित मांडून पाहू. ४० किलोमीटर म्हणजे ८ तास. वाटेतले चढउतार धरून एकूण चढ साधारण १२०० मीटर, म्हणजे आणखी २ तास. झाले १० तास. पण हे गणित धडधाकट माणसाचं, न थांबता, टणक जमिनीवरचं. पाणथळ जमिनीत पाय घोट्यापर्यंत रुततो तेव्हा तासाला पाच किलोमीटर विसरायचे. खाणं, नकाशा पाहणं, बूट काढून ओढा ओलांडणं हे धरलं तर १३-१४ तास सहज होतात. पाठीवर तंबू असेल तर त्याहून जास्त. म्हणूनच सराव असलेले काहीजण जूनच्या लांब दिवसात एका दमात जाऊन येतात, पण बहुतेकजण दोन दिवस ठेवतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन दिवस आणि खराब हवेसाठी एक राखीव दिवस ठेवणं शहाणपणाचं.

वाट कोणती घ्यायची?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा, कारण धोका इथे आहे.

मुख्य वाटा दोन. पहिली पश्चिमेकडून, पूल्यू या समुद्रकाठच्या छोट्या गावातून. गावापासून कर्नसरीपर्यंत कच्चा रस्ता आहे, तिथवर सायकल नेता येते आणि येताजाताचे पाचेक किलोमीटर वाचतात. पुढे पाणथळ पट्टा लागतो, मग फ्यून लॉख हे मोठं तळं. हे तळं आणि शेजारचं डू लॉख यांच्या मधून दगडांचा बांध घातलेला आहे. त्यावरून पलीकडे गेलं की कार्नमोर. तिथे एक बंद घर आणि एक अगदी साधं कोठार आहे. आसऱ्याला चालेल एवढंच ते. तिथून शिकाऱ्यांची जुनी पायवाट वळणं घेत वर चढते आणि अ व्हेचन व त्याचा जोडीदार रुअ स्टॅक मोर यांच्या मधल्या खिंडीत पोहोचते. खिंडीतून माथा फार लांब नाही.

दुसरी वाट उत्तरेकडून, डन्डॉनेलजवळच्या कॉरी हॅलीपासून. सात-आठ किलोमीटर चालल्यावर शेनाव्हाल नावाची 'बॉथी' लागते. बॉथी म्हणजे डोंगरातलं कुलूप नसलेलं दगडी घर. आत वीज नाही, नळ नाही, गाद्या नाहीत. भाडंही नाही आणि आरक्षणही नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन ही स्वयंसेवी संस्था स्कॉटलंडभर अशी घरं सांभाळते. आपल्याकडे गडावरच्या देवळात किंवा गुहेत मुक्काम करतात, त्याच्या जवळ जाणारा हा प्रकार आहे. जागा भरलेली असू शकते, म्हणून तंबू जवळ हवाच.

शेनाव्हालची वाट कागदावर जास्त आकर्षक दिसते. डोक्यावर छप्पर, समोर डोंगररांग. पण बॉथी आणि डोंगर यांच्या मध्ये दोन नद्या आहेत आणि त्यांवर पूल नाही.

कोरड्या आठवड्यात या नद्या घोट्या-गुडघ्याएवढ्या असतात. बूट हातात घेऊन ओलांडता येतात. पण इथली माती पातळ, खाली कातळ आणि उतार तीव्र. पडलेलं पाणी जमिनीत न मुरता थेट नदीत येतं. काही तासांच्या जोरदार पावसाने नदी ओलांडण्यापलीकडे जाते. मोठा धोका सकाळी नसतो, तो परतताना असतो. सकाळी गुडघाभर पाण्यातून माणूस पलीकडे गेला, दिवसभर डोंगरावर पाऊस लागला आणि संध्याकाळी परत आला तर नदी फुगलेली. झोपायची पिशवी, चूल, जेवण सगळं पलीकडे, डोळ्यांसमोर दिसणाऱ्या घरात. थकलेला, भिजलेला माणूस अशा वेळी 'जाऊ की पटकन' म्हणतो. डोंगरातले अपघात बऱ्याचदा याच वाक्यापासून सुरू होतात.

म्हणून नियम साधे ठेवतात. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वेगात असेल तर उतरायचं नाही. पाणी गढूळ झालंय, दगड गडगडल्याचा आवाज येतोय, तर अजिबातच नाही. उतरायचं असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलं तर ओझं टाकता येतं. काठी घेऊन प्रवाहाकडे तोंड करून आडवं सरकायचं. आणि पुढच्या दोन दिवसांत पावसाचा अंदाज असेल तर ही वाटच निवडायची नाही, पूल्यूकडून जायचं. इथल्या नद्या चढतात तशा उतरतातही. पाऊस थांबल्यावर एका रात्रीत पाणी बरंच खाली जातं. पण ती रात्र काढण्याइतके कपडे आणि खाणं नदीच्या चुकीच्या बाजूलाही जवळ असायला हवं. दिवसाच्या छोट्या सॅकमध्ये आपत्कालीन पिशवी का ठेवायची, ते इथे कळतं.

हवामानाचा अंदाज कसा वाचायचा?

फोनमधल्या नेहमीच्या ॲपवर दिसणारा अंदाज गावाचा असतो, डोंगराचा नसतो. ब्रिटनमध्ये डोंगरांसाठी वेगळे अंदाज मिळतात. मेट ऑफिसचा एक आणि 'माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस'चा दुसरा. त्यात पावसाच्या आधी वारा पाहायचा. मे महिन्यात पूल्यूला १२ अंश असतील तर माथ्यावर साधारण ६ असतात. त्यात ताशी ५० किलोमीटरचा वारा धरला की अंगाला जाणवणारं तापमान शून्याच्या आसपास येतं. अंगावरचे कपडे ओले असतील तर हायपोथर्मियाला, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायकरीत्या घसरायला, हिवाळाच लागतो असं नाही.

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरची सवय इथे आड येते. आपल्याकडे भीती असते उन्हाची आणि पाणी संपण्याची. पावसाळी ट्रेकमध्ये भिजणं ही तर मजा असते. इथे पाणी पावलोपावली आहे, पण भिजणं परवडत नाही. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी ठेवायची. लोकरीचे किंवा सिंथेटिक थर, वरून खरोखरचं जलरोधक जॅकेट आणि पँट, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जो फक्त झोपताना घालायचा.

खाण्याचं फार डोकं खाजवायला नको. थंडीत शरीर जास्त जाळतं, त्यामुळे तेलतूप आणि गोड चालतं. चिक्की, थेपले, शेंगदाण्याचे लाडू हे प्रकार इथल्या दुकानातल्या महागड्या एनर्जी बारपेक्षा कमी नाहीत. चुलीचा गॅस मात्र विमानात नेता येत नाही. तो इन्व्हरनेससारख्या ठिकाणी उतरून घ्यावा लागतो.

रेंज नसेल तर मदत कशी मागायची?

आधी वाट चुकू नये याची सोय. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा ठेवावा, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा आणि होकायंत्र, आणि ते वापरता येणं, हे पर्यायी मानलं जात नाही. माथ्यावर ढग उतरला की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि अ व्हेचनच्या पश्चिम-दक्षिण अंगाला सरळ कडे आहेत.

ब्रिटनमध्ये ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर एसएमएसही करता येतो. बोलण्याइतका सिग्नल नसताना संदेश जाण्याची शक्यता जास्त असते. पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो. 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत टाइप करून ९९९ ला पाठवायचा आणि उत्तरात येणाऱ्या सूचना पाळायच्या. हे काम घरी बसून दोन मिनिटांत होतं. फोन लागला तर आधी 'पोलीस' आणि मग 'माउंटन रेस्क्यू' मागायचं. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं भाड्यानेही मिळतात, आयफोन १४ पासूनच्या फोनमध्येही तशी सोय आहे. काहीच नसेल तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

या भागात मदतीला येते डन्डॉनेल माउंटन रेस्क्यू टीम. स्कॉटलंडमधल्या बहुतेक बचाव पथकांप्रमाणे तीही स्वयंसेवकांची आहे. ते पैसे घेत नाहीत. पण कोणीतरी त्यांना कळवावं लागतं, आणि दुर्गम भागात अडकलेल्याला ते स्वतः कळवता येईलच असं नाही. म्हणून निघण्याआधी एका भरवशाच्या माणसाकडे लिहून ठेवायचं: वाट कोणती, मुक्काम कुठे, गाडी कुठे लावली आहे, परत कधी येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. ती वेळ ठरवताना फुगलेल्या नदीसाठी एक रात्र धरायची, नाहीतर पलीकडे तंबूत सुखरूप झोपलेल्या माणसासाठी वीसजण अंधारात बाहेर पडतात.

हा माणूस पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसलेला असेल तर त्याला एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. भारतातून ब्रिटनचा ९९९ हा क्रमांक लागत नाही. त्यामुळे स्कॉटलंड पोलिसांचा परदेशातून लागणारा नंबर त्या कागदावर आधीच लिहून द्यायचा, किंवा ग्लासगोतल्या एखाद्या मित्राला मधला दुवा करायचा. आणि डोंगरातून बाहेर पडून पूल्यूच्या रस्त्यावर आल्यावर, बूट काढायच्याही आधी, पहिला फोन त्याला करायचा.